हौशी लोहारकाम: भट्टी, ऐरण आणि लोखंड, सुरुवात कशाने करावी?

पऱ्हाटी१२ (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. धंदा करायचा नाही, हौस आहे. आकडे, खुंट्या, सराटा आणि पुढे जमलेच तर खुरपी घरी करता यावी, एवढाच बेत. गोठ्यामागे उघड्यावर विटांचा चौकोन केला आहे, त्यात दीड इंची पाइप आणि केस वाळवायचा ड्रायर. दीड किलोचा हातोडा, १२ मिमी सळाखीचे तुकडे आणि ट्रकच्या पाट्याचा (कमानीच्या स्प्रिंगपट्टीचा) एक तुकडा जवळ आहे.

अडचणी अशा. सळाखीचे टोक पांढरे होते, फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात आणि टोकच गळून पडते. पाट्याचा तुकडा लाल करून पाण्यात घातला तर टण्‌ आवाज झाला आणि आडवी चीर गेली. आतून काळ्या मातीचा लेप दिला होता, तो दोन दिवसांत भेगाळून सुटला. ऐरण नाही. भंगारवाला रुळाचा फूटभर तुकडा देतो म्हणतो, तो घ्यावा का? पाच-सहा हजारांत सगळे बसवायचे आहे.

---

भाता_आणि_घण

आधी भट्टी. ती नीट नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ.

काळी माती सुकताना आकसते, म्हणूनच उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात. तीच माती भट्टीत लावली की तेच होणार. कुंभाराची माती किंवा गावठाणातली पांढरी माती एक भाग आणि चाळलेली रेती दोन भाग घ्या. त्यात दोन मुठी भाताचे तूस किंवा बारीक कुटार घालून घट्ट मळा. चार-पाच सेमी जाडीचा थर द्या आणि आठवडाभर सावलीत सुकू द्या. पहिल्या दिवशी फक्त काड्यांचा बारीक जाळ. केसाएवढ्या भेगा पडल्या तर त्याच मातीने बुजवा. नदीतले गोटे वापरू नका, आत ओल असते आणि तापले की ते फुटून उडतात.

खड्डा २०-२५ सेमी रुंद, १५ सेमी खोल पुरे. पाइप बाजूने आणा आणि त्याचे तोंड तळापासून सहा-सात सेमी वर ठेवा. तोंड एक इंचापेक्षा मोठे नको. तुमचा पाइप जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, आहे का ते बघा. असेल तर काढून साधा एमएस (बिनमुलाम्याचा, मऊ लोखंडाचा) पाइप घाला. जस्त ९०७ अंशांना उकळते. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. भंगारातल्या मुलामा दिलेल्या कोणत्याही वस्तूला हाच नियम.

टोक गळते याचे कारण हवा. पाइपाच्या तोंडाशी न जळलेला प्राणवायू असतो, आणि तुम्ही लोखंड नेमके तिथेच खुपसता. तिथे लोखंड तापत नाही, जळते. फुलबाजी म्हणजे जळणारे लोखंडच. तेवढे टोक कापून टाका, ते परत येत नाही. पाइपाच्या तोंडावर आठ-दहा सेमी जळता कोळसा हवा, आणि लोखंड त्या ढिगाच्या मधोमध आडवे घालायचे, वर थोडा कोळसा ओढून. ड्रायरचा झोत लाकडी कोळशाला फार होतो. पाइपाला मध्येच एक खाच पाडा आणि तिच्यावर पत्र्याची झडप बसवून जास्तीची हवा बाहेर सोडा. हाताने फिरवायचा पंखा मिळाला तर उत्तमच, लोडशेडिंगची भानगड नाही आणि हात थांबला की हवाही थांबते. ड्रायर चालूच राहतो आणि तुम्ही हातोडा शोधत असता, तेवढ्यात टोक गेलेले असते.

आणखी एक. उघड्यावर, उन्हात रंग कळत नाही. सावलीत पिवळे दिसणारे लोखंड उन्हात जेमतेम लाल वाटते, मग माणूस आणखी तापवतो. वर छप्पर हवेच. पण चारी बाजूंनी बंद खोली नको, कोळशाच्या वायूला वास नसतो आणि तो माणूस मारतो.

---

बैठी_ऐरण

रुळाबद्दल सरळ सांगतो, पावतीशिवाय हात लावू नका. रेल्वे मालमत्तेचा १९६६ चा कायदा आहे. चोरीचा संशय असलेला माल नुसता जवळ सापडला तरी तो आपण रीतसर मिळवला हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते. भंगारवाल्याकडे लिलावाचा कागद असेल तर घ्या. मीटरला ६० किलो भरणाऱ्या रुळाचा फूटभर तुकडा १८ किलोच्या आसपास भरतो. तो आडवा टाकून वापरला तर मधला पातळ भाग झुलतो आणि घाव वाया जातो. उभा गाडायचा, म्हणजे हातोड्याखाली सगळे वजन एका रेषेत येते.

त्यापेक्षा जिनिंगच्या किंवा क्रशरच्या जुन्या यंत्राचा शाफ्ट बघा. चार इंच जाड आणि ४० सेमी लांब तुकडा जवळपास २५ किलो भरतो, किलोच्या भावात मिळतो आणि पोलीस विचारत नाहीत. बिडाचा ठोकळा मात्र नको, घावाने कडा उडतात.

बाभळीचा ओंडका अर्धा मीटर जमिनीत आणि भोवती मुरूम ठोकून. नुसत्या काळ्या मातीत गाडला तर पावसाळ्यात जमीन फुगते, दिवाळीनंतर आकसते आणि ओंडका हलायला लागतो. उंची अशी ठेवा की ऐरणीजवळ सरळ उभे राहून हात सोडला तर मुठीचे सांधे ऐरणीच्या माथ्याला टेकावेत.

---

कमानपाटा

लोखंडाचे तीन प्रकार एकत्र धरू नका.

टीएमटी सळाखीला, म्हणजे बांधकामाच्या कंगोरेदार सळईला, कारखान्यातच पाणी मारून वरचा थर कडक केलेला असतो, आत ती मऊ असते. कार्बन ०.३ टक्क्यांच्या आत. आकडे होतील, धार धरणार नाही. आणि वरच्या कंगोऱ्यांवर घाव पडला की ते दुमडून आत पदर राहतात, तिथूनच पुढे काम चिरते. शिकायला १० मिमीचा साधा एमएस चौकोनी गज घ्या, तो चुका माफ करतो.

ट्रकचा पाटा स्प्रिंगच्या पोलादाचा असतो, कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के. तो पाण्यात पूर्ण बुडवला की बाहेरचा भाग कडक होतो आणि आतला मागे राहतो, त्या ताणाने टण्‌. त्यातून जुन्या पाट्यात मधल्या बोल्टच्या भोकाजवळ आधीच बारीक चिरा असतात. तो भाग टाकून द्या. लाली गेल्यावरही ठोकत राहिलात तर तिथेच फुटेल.

खुरपी पाट्याची करायची असेल तर क्रम असा. धार दीड मिमी जाड ठेवून घडवा. चुंबक चिकटेनासा होईपर्यंत तापवा, हे साधारण ७७० अंशांना होते. त्याहून किंचित जास्त तापवून हवेत थंड होऊ द्या. असे तीनदा. चौथ्यांदा तेवढेच तापवून तेलात उभे बुडवा. तेल शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे, चार-पाच लिटर, ५०-६० अंशांपर्यंत कोमट. गार तेल घट्ट असते, उष्णता हळू ओढते. डबा लोखंडी, झाकणासह. तेल पेटले तर झाकण ठेवायचे, पाणी कधीच ओतायचे नाही. इंजिनचे काळे तेल फुकट मिळते म्हणून वापरू नका, त्याचा धूर विषारी.

मग कानस लावून बघा. धारेवरून ती नुसती सरकली तर कडक झाली. लगेच एक बाजू घासून चकचकीत करा आणि पाठीकडून हळू गरम करा. आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा रंग चढतो. धारेवर जांभळा पोचला, साधारण २८० अंश, की थांबवा. चाकू असता तर गव्हाळवरच थांबलो असतो. पण खुरपी दगडावर आपटते, तिला चिवटपणा हवा.

---

वऱ्हाडी_लोहा

राजेहो, कोळशाचं कोणीच सांगितलं नाही. वणी-घुग्घुसचा दगडी कोळसा सस्ता भेटते म्हून घेसान तं पस्तावसान. थो जयताना एकमेकाले धरत नाही, राख भलती, आन राखेचा खंगर होऊन पाइपाचं तोंड बुजते. तुमच्या बाजूच्या पाइपाले लाकडी कोळसाच पायजे, त्यातही बाभयीचा. लिंबाएवढे तुकडे करजा, चुरा चाळून टाकजा. तासाले दोन-तीन किलो धरून चाला. आन पावती ठेवजा, कोळसा बी वनउपजात मोडते.

उन्हाळ्यात पऱ्हाट्या-तुराट्याच्या ढिगाजोळ भट्टी नोको. एक ठिणगी पुरते.

पण एक गोष्ट पटली नाही. तेल-तेल करता, मंग घिसाडी बजारात विळ्याले पाणीच देते ना? त्याचा काहून फुटत नाही?

---

कमानपाटा

@वऱ्हाडी_लोहा, प्रश्न रास्त आहे. तो पूर्ण विळा बुडवत नाही. फक्त धारेचा बोटभर भाग पाण्यात, तोही वरखाली हलवत, आणि पाठ लालच. बाहेर काढून धार दगडावर घासतो आणि रंगाकडे बघतो. पाठीतली उष्णता धारेकडे उतरते, हवा तो रंग आला की सगळे पाण्यात. म्हणजे कडक करणे आणि जास्तीचा कडकपणा उतरवणे एकाच तापात. हे पाच-सात सेकंदांचे काम आहे, आणि कोणते लोखंड हातात आहे हे त्याला ठिणगीवरून कळते. नवख्याने तेलच धरावे.

---

पऱ्हाटी१२

पाइप जीआयच निघाला, काढला. आता सांडस घ्यावी की बनवावी? आणि पहिले काम कोणते?

---

भाता_आणि_घण

दोन्ही नको. ६० सेमी लांब गज घेतला तर दुसरे टोक हातात धरता येते. सांडस पहिल्या महिन्यात बनवायला गेलात तर दोन्ही पाती वेगवेगळ्या मापांची होतील आणि काम सुटून पायावर पडेल. लागलीच तर बाजारातून एक घ्या. हातोडा ८०० ग्रॅम ते एक किलोचा, त्याच्या तोंडाची धारदार कड कानशीने गोल करा, नाहीतर प्रत्येक घावाची चंद्रकोर उमटते. दीड किलोने आधी मनगट जाते, मग नेम.

पहिले काम म्हणजे टोक काढणे. फक्त शेवटचे चार-पाच सेमी नारिंगी-पिवळे करा. दोन-तीन घाव, पाव फेरा, पुन्हा दोन-तीन घाव. टोक चौकोनीच ठेवायचे. चौकोन तिरका होऊन शंकरपाळ्यासारखा दिसू लागला की थांबून लगेच कोपऱ्यांवर मारून सरळ करा, पुढे तो सुधरत नाही. गोल हवे असेल तर चौकोनाचे आधी अष्टकोन, मग गोल. सुरुवातीपासून गोल ठोकलेत तर मधला भाग मागे राहतो, टोकाला बेडकाच्या तोंडासारखी फट पडते. अशी वीस टोके काढा. मग ८ मिमी गजाचे आकडे.

त्यानंतर सराटा. २५ × ५ मिमी पट्टीचे आठ सेमी टोक हातोड्याच्या चोचीने (मागच्या निमुळत्या बाजूने) आडवे पसरत न्या. ४० मिमी रुंद आणि अडीच मिमी जाड झाले की लांबी दहा सेमी होते. लोखंड कुठे जात नाही, फक्त जागा बदलते. हा हिशेब आधी मांडला की पट्टी किती कापायची ते कळते. थोडे खपलीत (तापलेल्या लोखंडावरून सुटणाऱ्या काळ्या पापुद्र्यात) जाते तेवढे जास्त धरा.

कपडे सुती, नायलॉन नाही. डोळ्यांवर चष्मा. हातोड्याच्या हातात मोजा नको, पकड घसरते. काम काळे पडल्यावरही चारशे अंशांचे असू शकते, म्हणून जमिनीवरचा तुकडा उचलण्याआधी हाताची पाठ जवळ नेऊन बघा.

शेवटी खपली तारेच्या ब्रशने काढा आणि लोखंड फुंकर मारता येईल इतके उतरले की जवसाचे तेल चोळा, काळा रंग बसतो. तो तेलकट बोळा मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेटतो. पाण्यात भिजवून उघड्यावर पसरा.