वकील म्हणजे भांडणच असं नाही

घटस्फोटात "वकील आले की भांडण वाढणारच" असं बरेच जण म्हणतात, पण कोलॅबोरेटिव्ह लॉ (कोर्टात न भांडता, वकिलांसोबत बसून समझोत्याने घटस्फोट ठरवायची पद्धत) मधे उलटं आहे. १९९० मधे अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या स्टुअर्ट वेब नावाच्या वकिलाने हे सुरू केलं, नवरा बायको आणि दोघांचे वकील एका टेबलाशी बसतात आणि आधीच सही करतात की फिसकटलं तर दोन्ही वकिलांनी केस सोडायची, म्हणजे नवा वकील, परत फी, मग कोण कशाला ताणेल!

अमेरिकेतल्या मावसबहिणीचं असंच झालं, एक अख्खी मीटिंग दिवाळीत पोरगी कुणाकडे यावर गेली (आणि आजीच्या पितळी डब्यावर), पण नवऱ्याने सॅलरी स्लिपा स्वतःहून आणल्या. डिक्री (घटस्फोटाचा हुकूम) मात्र शेवटी कोर्टाचीच. मारहाण असेल तर या भानगडीत पडू नये.