बोवीचा ‘यंग अमेरिकन्स’ कसा ऐकावा?

रानवारा:
‘झिगी स्टारडस्ट’ हा अल्बम माझ्या कायमच्या आवडीचा. गेल्या आठवड्यात डेव्हिड बोवीचाच ‘यंग अमेरिकन्स’ (१९७५) पहिल्यांदा लावला आणि बावरले. ती करकरीत गिटार नाहीच; सॅक्सोफोन, काँगा (हाताने वाजवायचे उभे ढोल) आणि मागे सतत गाणारी मंडळी. तो स्वतःच याला ‘प्लास्टिक सोल’ म्हणायचा. मग गोऱ्या इंग्रज गायकाने सोल, म्हणजे काळ्या अमेरिकनांचं गाणं, नुसतं अंगावर चढवलंय का? तीनदा ऐकूनही मन लागत नाहीये.

मागचा_टाळकरी:
त्यातलं ‘राइट’ लावा, आणि बोवीकडे नको, मागच्या आवाजांकडे कान द्या. मी वीस वर्षं भजनात मागे धरतोय, त्यामुळे माझा कान आधी तिकडेच जातो. आमचे बुवा चरण सोडतात, मग आम्ही उचलतो. इथे मागचे बोवीला ओळ पुरी करूच देत नाहीत. मध्येच शिरतात, तोडतात, परत त्याच्या हातात देतात. घोटून घोटून बसवल्याशिवाय हे जमत नाही, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.

त्या आवाजांत पुढे मोठा गायक झालेला ल्यूथर व्हँड्रॉस आहे, तेव्हा २३ वर्षांचा आणि अजून अनोळखी. सोबत एव्हा चेरी आणि रॉबिन क्लार्क. रॉबिनचा नवरा कार्लोस अलोमार गिटारवर, न्यू यॉर्कच्या अपोलो थिएटरच्या बँडमध्ये तयार झालेला. ल्यूथर या दोघांचा मित्र म्हणून नुसता बघायला आला होता. शीर्षकगीतासाठी मागे काय म्हणता येईल ते रॉबिनला गुणगुणून दाखवत होता, बोवीने ऐकलं आणि तेच घेतलं. याच अल्बममधलं ‘फॅसिनेशन’ तर मुळात ल्यूथरच्याच गाण्यावरून केलंय, आणि श्रेयात त्याचं नाव आहे. मागे उभं राहणाऱ्या माणसाला हे केवढं वाटतं!

बहुतेक काम ऑगस्ट १९७४ मध्ये फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत झालं. गॅम्बल आणि हफ या निर्मात्यांचं फिली सोल, म्हणजे फिलाडेल्फियाचं सोल, घडलं ते हेच ठिकाण. बोवी बरंचसं बँडबरोबरच गायला, म्हणून आवाज थकलेला, खरखरीत लागतो. मला तोच आवडतो.

तिसरी_सप्तक:
सहमत, पण याच अल्बममधलं ‘फेम’ विसरू नका. ते सिग्मातलं नाही. जानेवारी १९७५ मध्ये न्यू यॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत, बीटल्सच्या जॉन लेननबरोबर झालं. गिटारची ती लय अलोमारची. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि थोड्याच दिवसांत काळ्या अमेरिकन संगीतातला दिग्गज, खुद्द जेम्स ब्राउनने ‘हॉट’ या गाण्यात तीच लय घेतली. नकलेचा प्रश्न विचारताना हेही धरा.

मागचा_टाळकरी:
‘फेम’ मलाही हवंच. पण ते आणि ‘अक्रॉस द युनिव्हर्स’ अल्बममध्ये आल्यावर ‘हू कॅन आय बी नाऊ?’ आणि ‘इट्स गॉना बी मी’ बाहेर पडली, याचं दुःख आजही आहे. दोन्ही पुढे १९९१ च्या आवृत्तीत मिळाली. रानवाराताई, ‘इट्स गॉना बी मी’ रात्री, दिवे घालवून ऐका.

रानवारा:
ऐकलं. सहा मिनिटांहून मोठं आहे, आणि मी उठून पाणीसुद्धा प्यायले नाही. ‘राइट’ आज पोळ्या करताना चारदा लावलं. चौथ्यांदा बोवी नव्हे, मागचेच गुणगुणत होते मी.