मांडीतली चरबी: पळणाऱ्याची पुंजी की शुगरचं मूळ?

घाटकरी (सातारा): रविवारी यवतेश्वरचा घाट पळून उतरलो. टपरीवर एक काका म्हणाले, "चरबी स्नायूत शिरली की शुगर ठरलेली." मला हे पटत नाही. स्नायूपेशीत चरबीचे बारीक थेंब असतात, तेच दमाच्या कामाचं इंधन. थेंबांवर पेरिलिपिन नावाच्या प्रोटीनांचं वेष्टण असतं. त्यातलं पेरिलिपिन-५ थेंबाला मायटोकॉन्ड्रियाशी, म्हणजे पेशीत इंधन जाळून ऊर्जा देणाऱ्या भागाशी, बांधून ठेवतं, म्हणजे सरपण चुलीशेजारी. सहा आठवडे नेटाने सायकल मारली की ही प्रोटीनं वाढतात, हे मांडीत सुई घालून काढलेल्या तुकड्यांत दिसलंय. २००१ मध्ये गुडपास्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कसलेल्या खेळाडूंच्या स्नायूत मधुमेहींसारखीच भरपूर चरबी असते, तरी त्यांचं इन्सुलिन झकास चालतं. तेव्हा तुपाला शिव्या देणं बंद करा.

तालीमवाला (सांगली): शेवटचं वाक्य मागे घ्या. माझे वडील लाल मातीतले. जोर-बैठका, थंडाई, वाटीभर तूप. तिशीत मेहनत सुटली, खुराक नाही सुटला. पंचेचाळिशीत गोळ्या चालू. गावात पळणारे दहा, तुमचं वाचून शिरा हाणणारे हजार.

घाटकरी: म्हणजे दोष मेहनत सुटण्याचा. तुपाचा कसा?

तालीमवाला: अहो, मेहनत सुटतेच! गुडघा जातो, नोकरी लागते. जीभ तेवढी तिथंच राहते.

दूधवाला_कराड: पेरिलिपिन-२ दुधातल्या स्निग्धाच्या थेंबांवरही असतं म्हणे. मग म्हशीचं दूध प्यालो की काम झालं 😀

मिरजेची_मास्तरीण: असतं, खरंच. पण पोटात प्रोटीन पचतं, मांडीत जाऊन बसत नाही. ते तुमच्या पेशीलाच घडवावं लागतं.
घाटकरींचं विज्ञान बरोबर, निष्कर्ष घाईचा. तेलातुपाचं खाणं काही दिवस वाढवलं तरी थेंब वाढतात. दोन-अडीच दिवस नुसत्या पाण्यावर राहिलात तरी वाढतात, कारण अंगावरची चरबी सुटून रक्तात येते. (कडक उपासवाल्यांनी हे वाचावं.) त्यामुळे नुसत्या थेंबांवरून माणूस निरोगी की आजारी, ते ठरत नाही. पळणाऱ्याच्या स्नायूत थेंब रिकामे होतात, पुन्हा भरतात. बसून राहणाऱ्याच्या स्नायूत आवक चालू आणि जावक बंद. मग डायग्लिसराइड, सेरामाइड असले चरबीपासून बनणारे पदार्थ साचतात आणि इन्सुलिनचा निरोप अडतो. संशय त्यांच्यावर आहे.

तालीमवाला: माझंच म्हणणं झालं की! शिवाय आपली अंगकाठी फसवी. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन यांचा २००४ चा तो जोडीचा फोटो आठवा. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. खेळाडूंचे दाखले आपल्याला लावायचे कशाला?

मिरजेची_मास्तरीण: ती अख्ख्या शरीरातली चरबी, स्नायूच्या थेंबातली नव्हे. पण सावध राहायला तेवढं पुरेसं आहे, कबूल.

घाटकरी: बरं, तुपाचं वाक्य अर्धं मागे. जो घाट चढतो त्याने खावं. दादा, वडिलांना चढ चालायला लावा, गुडघ्याला झेपेल तेवढाच.

तालीमवाला: आमच्या सांगलीत घाट म्हणजे कृष्णेच्या पायऱ्या. त्या चालतील का?