मोटो गुझी ८५० टी३: ब्रेक लावला की पुढचा फोर्क तळाला आपटतो, तेल बदलूनही फरक नाही

गुझीप्रेमी
नमस्कार मंडळी. मोटरसायकल १९७७ची ८५० टी३, पुढचा ३५ मिमीचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन सरकते पाय) मूळचाच. ब्रेक लावला की नाक झपकन खाली जातं आणि खड्ड्यात फोर्क खाडकन आपटतो. वर येतानाही आवर नाही, एकाच उंचवट्यावर दोन-तीन वेळा डुलतो. त्याच वेळी बारीक खडबडीत रस्त्यावर मात्र हँडल हातात थरथरतं, जणू फोर्क हलतच नाही. दोन्ही पायांत २० वजनाचं फोर्क ऑइल भरून पाहिलं, फरक शून्य. उजव्या सीलवर तेलाची ओल दिसते. आणखी जाड तेल भरावं, स्प्रिंग बदलावी की पूर्ण फोर्क उघडावा? उघडायचा असेल तर काय काय तपासून घेऊ?

पाना_१२_१३
आणखी जाड तेल अजिबात नको. या फोर्कमध्ये तुम्ही भरता ते तेल डँपिंग (फोर्कची हालचाल रोखून आवरणं) करत नाही. टोंटी फ्रेमच्या (लिनो टोंटी या अभियंत्याने आखलेल्या सांगाड्याच्या) त्या काळातल्या गुझींमध्ये प्रत्येक पायात एक बंद डँपर असतो. त्याचं तेल त्याच्याच पोटात असतं आणि धक्का जिरवायचं काम तोच करतो. बाहेरचं तेल फक्त वंगणासाठी, म्हणून एका पायात सुमारे ६० मिली एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) एवढंच लागतं. नेहमीच्या फोर्कच्या सवयीने कोणी १५०–२०० मिली ओततं. मग आतल्या हवेला दबायला जागा उरत नाही, फोर्क पूर्ण दबत आला की दाब चढतो आणि सील बाहेर ढकललं जातं. उजव्या पायात किती तेल आहे ते आधी बघा.

उघडण्याआधी एक तपासणी करा. खालच्या ड्रेन स्क्रूमधून प्रत्येक पायाचं तेल वेगवेगळ्या मापात काढा. जितकं भरलं होतं त्यापेक्षा ठळकपणे जास्त निघालं, तर त्या पायातल्या डँपरच्या दांड्याचं सील गेलंय आणि त्याचं तेल फोर्कमध्ये उतरलंय. तेवढ्यावर निदान होतं. जास्त निघालं नाही म्हणजे डँपर चांगला, असं मात्र समजू नका. आतला व्हॉल्व्ह झिजला तर तेल जागेवर राहतं आणि रोध जातो.

झपकन खाली जाण्यामागे या गाडीचं आणखी एक कारण लक्षात असू द्या. टी३ला जोडब्रेक आहे. पायाच्या पेडलने मागची डिस्क आणि पुढची डावी डिस्क एकदम लागते, हाताच्या लिव्हरला फक्त पुढची उजवी. म्हणजे नुसतं पेडल दाबलं तरी वजन पुढे येणार. डँपर नवे टाकल्यावरही थोडं नाक खाली जाईल, तो दोष नाही.

लेथवाला
वरचं सगळं बरोबर, पण मी डँपरच्या आधी घर्षण बघेन. हँडल थरथरतं ते डँपरमुळे नाही, फोर्क अडकतोय म्हणून. मोजायला सोपं आहे. नळीवर (पायाचा वरचा क्रोमचा भाग) एक प्लास्टिकचा टाय बांधा, स्वार गाडीवर बसवा. फोर्क खाली दाबून हळूच सोडा, जिथे थांबेल ते माप घ्या. मग वर उचलून हळूच सोडा, पुन्हा माप घ्या. दोन मापांमधला फरक ५ ते १० मिमी असेल तर ठीक. २० च्या पुढे गेला तर आधी ते दुरुस्त करा, कारण अडकणाऱ्या फोर्कमध्ये डँपर आणि स्प्रिंगची कोणतीही जुळवणी खरी कळत नाही.

अडकायची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, चाकाचा ॲक्सल घाईने बसवलेला. ॲक्सलचा नट आवळताना एका पायाचा पिंच बोल्ट (पायात ॲक्सल आवळून धरणारा) ढिला ठेवायचा, गाडी स्टँडवरून उतरवून फोर्क सात-आठ वेळा जोरात दाबायचा, पाय आपल्या जागी बसला की मगच तो पिंच बोल्ट आवळायचा. उलट क्रमाने केलं तर दोन्ही पाय एकमेकांकडे ओढले जातात. बऱ्याच गाड्यांचा निम्मा त्रास इथेच संपतो, आणि याला एकही सुटा भाग लागत नाही.

दुसरं, नळ्या धरून ठेवणाऱ्या वरच्या-खालच्या क्लँपमध्ये त्या पिळलेल्या. दोन्ही नळ्यांवर जाड सपाट काच आडवी धरा. चारही ठिकाणी टेकली तर समांतर, एक कोपरा डुगडुगला तर पीळ आहे. खालच्या क्लँपचे बोल्ट ढिले करून पीळ काढा.

तिसरं, वाकलेली नळी. व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेजखाली (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकाखाली) फिरवा. गेज जितकं दाखवेल त्याच्या निम्मा वाक असतो, हे विसरून लोक चांगल्या नळ्या फेकतात. क्रोमला खड्डे पडले असतील आणि ते सीलच्या वाटेत येत असतील, तर नवं सील फार टिकणार नाही. एखादा बारीक खड्डा इपॉक्सीने भरून १५०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने सपाट करता येतो. जास्त असतील तर नळी हार्ड क्रोम करून पुन्हा ३५ मिमीला ग्राइंड करून घ्या.

आणि या फोर्कला वेगळे बुश (सरकत्या भागांमधल्या बदलता येणाऱ्या कड्या) नाहीत, नळी थेट ॲल्युमिनियमच्या स्लायडरमध्ये (पायाच्या खालच्या भागात) सरकते. स्लायडर आतून झिजला तर बुश बदलून भागत नाही. लेथवर बोअर करून स्लीव्ह बसवावी लागते किंवा स्लायडर बदलावा लागतो. म्हणून ते थोडंसं वंगणाचं तेल स्वच्छ ठेवणं महत्त्वाचं. करड्या, चमचमत्या रंगाचं निघालं तर ती ॲल्युमिनियमची पूड आहे.

पाना_१२_१३
घर्षण आधी, मान्य. फोर्क उघडायचाच असेल तर क्रम असा ठेवा.

इंजिनखाली ठोकळा, पुढचं चाक हवेत. ब्रेकचे कॅलिपर काढून तारेने टांगा, ब्रेकच्या होजवर लटकू देऊ नका. चाक, मडगार्ड काढलं की सगळ्यात आधी स्लायडरच्या तळाचा ॲलन बोल्ट सैल करा. वरची टोपी बसलेली असताना स्प्रिंगचा दाब डँपरवर असतो, त्यामुळे तो बोल्टाबरोबर गरगर फिरत नाही. टोपी आधी काढली तर बोल्ट नुसता फिरत राहतो आणि मग एअर गन शोधावी लागते. त्यानंतर वरच्या क्लँपचा बोल्ट ढिला करा, नाहीतर टोपीचे आटे आवळलेलेच राहतात. टोपी शेवटच्या आट्यांवर आली की हाताने दाबून धरा, खाली स्प्रिंग आहे. डँपरचा दांडा टोपीला लॉकनटने जोडलेला असतो, दोन पाने लावून सोडवा.

डँपर बाहेर आला की उभा धरून दांडा पूर्ण लांबीभर आत-बाहेर करा. दोन्ही दिशांना सलग रोध हवा, बाहेर ओढताना जास्त. दिशा बदलताना काही मिमी मोकळा गेला, मध्येच ढिला पडला किंवा दांडा ओला दिसला तर बाद. नवे घेताना जोडीनेच घ्या. एक नवा आणि एक जुना ठेवला तर दोन पाय दोन वेगांनी परततात. इटलीच्या एफएसी कंपनीचे डँपर या फोर्कसाठी अनेक जण वापरतात.

सील काढताना स्लायडर सुमारे १०० अंशांपर्यंत गरम करा, मग ॲल्युमिनियमच्या कडेला ओरखडा न काढता ते सुटतं. नवं बसवताना नळीच्या कडेवर पातळ प्लास्टिक गुंडाळा, सीलच्या ओठाला तेल लावा. तळाच्या बोल्टाचा वॉशर नवा टाका, तिथून गळलेलं तेल पुष्कळदा सीलच्या नावावर जातं.

गुझीप्रेमी
तेल काढलं. डावीकडून साधारण भरलं तेवढंच, उजवीकडून जवळजवळ दीडपट. दाबून आणि उचलून घेतलेल्या मापांत २५ मिमीचा फरक. म्हणजे दोन्ही आजार आहेत. स्प्रिंगचं काय करू? कापून कडक होते असं ऐकलंय.

लेथवाला
कापू नका, निदान आत्ता तरी. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते, हे खरं. २० पैकी २ वेटोळी कमी केली तर ती सुमारे ११ टक्के कडक होते. पण ती परत लांब करता येत नाही. आधी दोन्ही स्प्रिंगची मोकळी लांबी मोजा. एक दुसरीपेक्षा आखूड असेल तर ती दबून कायमची बसलीय, जोडी बदला. सारख्या असतील तर नवे डँपर आणि सरळ फोर्क बसवल्यावर सॅग बघा: स्वारासकट फोर्क एकूण हालचालीच्या पाव ते तृतीयांश बसावा. हालचाल १२० मिमी धरली तर ३० ते ४० मिमी. यापेक्षा जास्त बसत असेल तर टोपीखाली ५ मिमीचा स्पेसर घालून पुन्हा मोजा. स्पेसरने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा नाही. १५ मिमी घालूनही बसतच असेल तर कडक स्प्रिंग घ्या.

मार्झोक्की३५
याच धाग्यात विचारतो: माझ्या गाडीचा मार्झोक्की फोर्क उघड्या तेलाचा, बंद डँपर नाही. त्यालाही ६० मिलीच?

पाना_१२_१३
नाही! तिथे तेलच डँपिंग करतं, एवढ्या कमी तेलात फोर्क हवा ओढेल. मॅन्युअलमधलं माप भरा, स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबा आणि नळीच्या वरच्या कडेपासून तेलाची पातळी दोन्ही पायांत सारखी करा. जाडी बदलायची तर डब्यावरच्या १० किंवा १५ वर विसंबू नका, कंपनीगणिक ते वेगळं निघतं. ४० अंशांवरचा सेंटीस्टोक्सचा (तेलाच्या जाडीच्या एककाचा) आकडा जुळवा.

गुझीप्रेमी, गाडी उघडलीच आहे तर स्विंगआर्मही (मागचं चाक धरणारी, वर-खाली हलणारी भुजा) हलवून बघा. मागचं चाक आडवं ढकलल्यावर टकटक जाणवली तर दोन्ही बाजूंच्या पिव्हट पिना लॉकनट सोडून जुळवाव्या लागतील. आत टेपर रोलर बेअरिंग आहेत: प्ले (ढिलेपणा) जाईल आणि स्विंगआर्म स्वतःच्या वजनाने सहज खाली येईल इतक्याच आवळा. दोन्ही पिना सारख्याच बाहेर दिसल्या पाहिजेत. उजव्या भुजेतून मागच्या चाकाला फिरवणारा शाफ्ट जातो, स्विंगआर्म एका बाजूला सरकला तर त्या शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटवर (वाकता सांधा) ताण येतो.