मदत हवी आहे: गोल्फमध्ये बायकोची ७ नंबर आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) मला जास्त जमतेय, माझ्या सेटचे शाफ्ट (क्लबचे दांडे) बदलू का?

जाणकारांचा सल्ला हवा आहे. वय साठीच्या पुढे, उंची ५ फूट ४ इंच, स्विंग पहिल्यापासूनच संथ. माझा सेट पुरुषांचा, स्टीलचे शाफ्ट, रेग्युलर फ्लेक्स (म्हणजे शाफ्टचा लवचीकपणा मध्यम). बायकोचा लेडीज सेट, ग्रॅफाइट शाफ्ट, त्यावर 'एल' (लेडीज फ्लेक्स) छापलंय. सरावाच्या रेंजवर गंमत म्हणून तिची ७ नंबर घेऊन मारत बसलो आणि चेंडू माझ्या क्लबपेक्षा उंच आणि सरळ जायला लागले. अंतर जवळपास तेवढंच. गंमत राहिली बाजूला, आता तिला तिचा क्लब परत मिळत नाही, म्हणून हा धागा.

घरी दोन्ही क्लब मोजले. माझा ३७ इंच, तिचा ३६. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर माझा ४३० ग्रॅम भरला, तिचा ३६० च्या आसपास. तिची ग्रिप बारीक आहे, माझ्या हाताला ती अजिबात पटत नाही. हेड (चेंडूला लागणारी क्लबची डोकी) शेजारी शेजारी धरली तर मला तरी फारसा फरक दिसला नाही.

तर प्रश्न असे: लेडीज क्लबमध्ये नक्की वेगळं काय असतं? माझ्याच हेडमध्ये लेडीज शाफ्ट बसवता येतील का? की सरळ लेडीज सेट घ्यावा? आणि हो, पुरुषाने लेडीज क्लबने खेळलं तर स्पर्धेत कुणी हरकत घेऊ शकतं का?

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. नियमांत पुरुषांचा क्लब, बायकांचा क्लब असा प्रकारच नाही. बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब नकोत, पटर सोडून कुठलाही क्लब ४८ इंचांहून लांब नको, आणि क्लब नियमात बसणारा हवा. बिनधास्त खेळा. चारचौघांत कुणी हसलंच तर आधी त्याचं स्कोअरकार्ड मागा.

प्रतिसाद

काका, तुम्ही मोजमाप करून आलात हे फार बरं केलंत, नाहीतर इथे निम्मे धागे 'क्लब जड वाटतो' एवढ्यावरच संपतात.

लेडीज क्लब म्हणजे चार गोष्टी एकत्र: लांबी साधारण एक इंच कमी, शाफ्ट हलका, शाफ्ट लवचीक आणि ग्रिप बारीक. ड्रायव्हरचा (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबचा) लॉफ्टही, म्हणजे हेडच्या पुढच्या बाजूचा वर कललेला कोन, सहसा जास्त असतो, आणि लांब आयर्नऐवजी मारायला सोपे हायब्रिड क्लब देतात. आयर्नची हेड मात्र बऱ्याचदा त्याच मॉडेलची असतात, त्यामुळे तुम्हाला फरक दिसला नाही यात नवल नाही. तरी दोन्हींचा लॉफ्ट तपासून घ्या. तिच्या ७ नंबरचा लॉफ्ट दोन-तीन अंश जास्त असेल तर चेंडू उंच जाण्याचं श्रेय शाफ्टला देऊन बसाल.

आता या चारांपैकी तुम्हाला नक्की कशाचा फायदा झाला हे शोधायचं, आणि त्यासाठी काही विकत घ्यायला नको. तुमचाच ७ नंबर घ्या, ग्रिपवर हात एक इंच खाली धरा आणि नेहमीच्या लयीत मारा. चेंडू क्लबच्या चेहऱ्याच्या (हेडच्या पुढच्या सपाट बाजूच्या) मधोमध लागायला लागला तर लांबी नडत होती. काहीच फरक पडला नाही तर वजन किंवा फ्लेक्स. क्लबच्या चेहऱ्यावर पायाला लावायची पावडर मारून ठेवलीत तर चेंडू कुठे लागला ते स्वच्छ दिसतं.

फ्लेक्सच्या अक्षरांवर मात्र विसंबू नका. एल, ए, आर, एस (लवचीक ते कडक या क्रमाने) यांचं सगळ्या कंपन्यांना लागू असं एक प्रमाण नाही. एकीचा 'ए' दुसरीच्या 'आर'इतका कडक निघू शकतो. 'ए'लाच बरेच जण सीनियर म्हणतात.

धागाकर्ता

धन्यवाद, तसं करून पाहिलं. हात खाली धरल्यावर चेंडू मधोमध लागतोय, टाचेकडचे (हेडच्या शाफ्टकडच्या कडेला लागणारे) फटके जवळपास बंद झाले. पण सरावाच्या चेंडूंची बादली संपत आली की खांदे भरून येतात आणि मग पुन्हा सगळं उजवीकडे जातं. बायकोच्या क्लबने तसं होत नाही. म्हणजे लांबीही आणि वजनही, असंच ना? मग स्टील काढून तिच्यासारखेच हलके शाफ्ट टाकावेत आणि एक इंच कापावेत का?

प्रतिसाद

थांबा, दोन्ही एकदम एवढं करू नका. कागदावर हिशोब मांडू.

तुमच्या क्लबचा स्विंगवेट (फिरवताना हेड हाताला किती जड लागतं त्याचं माप; बी, सी, डी असं चढत जातं, प्रत्येक अक्षरात ० ते ९ पॉइंट) डी१ च्या आसपास असावा, पुरुषांच्या सेटला तो सहसा तेवढाच असतो. लांबी अर्धा इंच कमी केली की ढोबळमानाने ३ पॉइंट उतरतात, म्हणजे एका इंचाला ६. शाफ्ट साधारण ९ ग्रॅम हलका झाला की १ पॉइंट, म्हणजे ६० ग्रॅमला ६-७. डी१ वरून तुम्ही थेट 'बी'च्या शेवटाला पोचता. हातात हेड आहे की नाही तेच कळणार नाही, लय बिघडेल. लेडीज क्लबचा स्विंगवेटही कमीच असतो, पण तो क्लब तसाच बेतलेला असतो. वजन परत आणायचं तर हेडच्या बाजूला २ ग्रॅमला साधारण १ पॉइंट मिळतो. होजेलमध्ये (हेडच्या ज्या नळीत शाफ्ट बसतो तिच्यात) वजनाच्या पिना टाकून ४-५ पॉइंट भरून निघतील, दहा-बारा नाही.

शिवाय लांबी कमी केली की लाय अँगल (शाफ्ट आणि जमीन यांच्यातला कोन) सपाट झाल्यासारखा वागतो, अर्ध्या इंचाला साधारण एक अंश. तो वाकवून घ्यावा लागतो. फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) हेड सहज वाकतं, कास्ट (ओतीव) कुरकुर करतं.

माझं मत: अर्धाच इंच कमी करा. शाफ्ट ६०-६५ ग्रॅमचा ग्रॅफाइट, 'ए' फ्लेक्स. ग्रिप तुमचीच जाडी ठेवा. मोठ्या हातात बारीक ग्रिप आली की मनगटं जास्त फिरतात. आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून इथे सांगा, उंचीपेक्षा ते जास्त बोलकं असतं.

प्रतिसाद

वरच्या दादांशी सहमत, फक्त कामाच्या बाजूने थोडी भर. शाफ्ट मागवण्याआधी होजेल कोणता ते नक्की करा. आयर्नमध्ये दोन प्रकार: ०.३५५ इंचाचा निमुळता आणि ०.३७० चा सरळ. ०.३७० चा शाफ्ट ०.३५५ मध्ये जातच नाही. निमुळते शाफ्ट प्रत्येक क्रमांकासाठी वेगळ्या लांबीत मिळतात आणि मागून, म्हणजे ग्रिपच्या बाजूनेच कापायचे. सरळ शाफ्ट टोकाकडून (हेडच्या बाजूने) किती कापला यावर त्याचा कडकपणा ठरतो. इथे घाईत उलट बाजू कापली तर शाफ्ट गेला.

तुमचं स्टील तसंही काढून टाकायचं आहे, त्यामुळे हीटगनने होजेल तापवून पिळून काढता येईल. हेड पोकळ असेल आणि आत पॉलिमर भरलेला असेल तर मात्र उष्णता जपून, ते काम कारागिराकडेच द्या. पुढे कधी ग्रॅफाइट काढायची वेळ आली तर पिळायचं नाही, पुलरने (शाफ्ट ओढून काढायच्या यंत्राने) सरळ ओढायचं, नाहीतर आतले धागे तुटतात. नवा बसवताना टोकाचा रंग घासून काढा पण धाग्यांपर्यंत जाऊ नका, फेरूल (होजेलच्या वरचं प्लास्टिकचं कडं) आधी ओवा, आणि इपॉक्सी लावल्यावर २४ तास क्लब कोपऱ्यात उभा राहू दे. लगेच रेंजवर नेलात तर चेंडूच्या आधी हेड उडेल.

धागाकर्ता

मनगट ते जमीन ३२ इंच भरलं. होजेल ०.३७० चा आहे, जुन्या माहितीपत्रकात सापडलं. हेड कास्ट, पोकळ नाही.

प्रतिसाद

मग अर्धा इंच बरोबर आहे. बहुतेक तक्त्यांत मनगट ते जमीन ३४ ते ३७ इंच म्हणजे स्टँडर्ड लांबी, तुमचे ३२ त्याखाली. आधी एकट्या ७ नंबरचा शाफ्ट बदला, बाकी सेटला हात लावू नका. पूर्ण फेरीत शेवटच्या होलपर्यंत तो नीट चालला तरच बाकीचे मागवा. ड्रायव्हरचा विषय वेगळा आहे, त्याचा शाफ्ट स्लीव्हसकट (टोकावरच्या, हेडला बसणाऱ्या जोडासकट) निघत असेल तर स्लीव्ह त्याच कंपनीची लागते. आणि वहिनींचा क्लब आजच परत करा.