‘द मार्शियन’ परत पाहिला का कुणी? आपापले अनुभव लिहा

रावेरचा घड
परवा संध्याकाळी वादळ झालं. मृगबागेतली (पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली) केळीची बाराशे खोडं झोपली, कापणीवर आलेला माल. रात्री लाईट नाही, झोप नाही, मोबाईलमध्ये उतरवून ठेवलेला ‘द मार्शियन’ लावला. तोही वादळानेच सुरू होतो ना.

पहिल्यांदा २०१६ ला अण्णांबरोबर पाहिलेला, ओट्यावर लॅपटॉप ठेवून. अण्णांना इंग्रजी येत नाही, मी शेजारून सांगत होतो. मंगळावर एकटा राहिलेला मॅट डेमन बटाट्याच्या फोडी करून लावायला लागला तसे अण्णा सरसावून बसले. "डोळा वर ठेवला का त्याने?" म्हटलं दिसलं नाही. "मागे घे." घेतलं. मग तो साथीदारांच्या विष्ठेच्या पुड्या फोडून मातीत कालवतो तर म्हणे "कच्चंच टाकलं! पेटेल ना पीक." पुढे त्याच्या राहायच्या तंबूचं दार फुटतं, सगळी बटाट्याची रोपं गोठून जातात, तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. उठून चूळ भरून आले. त्याच हिवाळ्यात आमच्या कांदेबागेला (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीला) थंडीचा चरका बसलेला.

परवा तो सीन आला आणि मी मोबाईल बंद केला. तुम्ही कुणी परत पाहिला असेल तर लिहा, कधी, कुणाबरोबर. जरा डोकं दुसरीकडे जाईल.

भुसावळ जंक्शन
बाराशे?? पंचनामा झाला का भाऊ? फोटो काढून ठेव, खोडं मोजता येतील असे. पिक्चरचं रात्री लिहितो, ड्युटीवर आहे.

मास्तर चोपडेकर
वाईट वाटलं रे. पण वादळाचं निघालंच आहे तर, मी नववीच्या वर्गाला दाखवलेला आणि एका पोराने तिथेच पकडलं की सर मंगळावर हवाच किती, वादळ माणसाला फेकेल कसं. बरोबर होतं त्याचं. तिथला हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, वारा कितीही सुटला तरी अंगाला झुळकीसारखाच लागणार. कादंबरीचा लेखक अँडी विअर स्वतः कबूल करतो की हे माहीत असून घातलं, गडी मागे राहायला काहीतरी कारण हवं होतं. तो पोरगा आता ठिबकच्या दुकानात आहे, दिसला की विचारतो, सर हवा किती.

रावेरचा घड
मास्तर, म्हणजे मंगळावर केळी उभी राहिली असती की हो 😅

सातपुड्याची सून
मी २०२१ ला पाहिला, दुसऱ्यांदा. पॉझिटिव्ह आले म्हणून माडीवर चौदा दिवस एकटी. सासूबाई जिन्याच्या चौथ्या पायरीवर ताट ठेवायच्या, भांडं वाजवायच्या आणि खाली जायच्या. तो कसा जेवणाची पाकिटं मांडून मोजत बसतो तशी मी गोळ्यांची पाकिटं मोजायचे. तो ‘सोल’ म्हणून दिवस मोजतो ना, मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, तर मीपण भिंतीवर कोळशाने सोल १, सोल २ लिहिलं. चुना मारला तरी सोल ९ अजून दिसतं. सासूबाई विचारतात हे सोल कशाचे ग, मी सांगते वांग्याचे. आणि त्या फुटलेल्या भोकाला तो प्लास्टिक लावून चिकटपट्टी मारतो, रात्री वाऱ्याने ते फडफडत राहतं, तो आवाज मला फार ओळखीचा. माहेरी पावसाळाभर पत्र्याच्या घरावर ताडपत्री असायची. झोप नाही लागत त्या आवाजात, सुटली तर काय याचंच ध्यान.

धुळेकर भो
मी आजीसोबत पाहिला. अर्धा झाल्यावर ती म्हने, "हाऊ इतला दिन बटाटाच खाई ऱ्हायना, त्याले मायनी याद नही उनी का रे?" मी काय सांगू. आजी आता नाही. पिक्चर परत लावला नाही मी.

वरणबट्टी
याला २०१६ ला गोल्डन ग्लोब मिळाला तो कॉमेडी विभागात! कॉमेडी! आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये वर्षभर बटाटा होता, कुणाला हसू आलं नाही. त्याचं केचप संपतं तो सीन बघून मी रडलो होतो खरं तर. ते बटाट्याऐवजी भरताची वांगी द्यायची होती सोबत, थंडीच्या दिवसात कपाशीच्या काड्यांवर भाजून

सातपुड्याची सून
@वरणबट्टी काड्या पेटणार कशावर, ऑक्सिजन कुठाय 😂

वरणबट्टी
ताई तो हायड्राझीन या रॉकेटच्या इंधनातला हायड्रोजन जाळून पाणी बनवतो, स्फोट करून घेतो, आणि तुम्ही माझ्या काड्यांना अडवता

पारोळ्याची पुस्तकवाली
कुणी कादंबरी वाचली नाही का? विअरने आधी स्वतःच्या वेबसाईटवर फुकट एकेक प्रकरण टाकली, २०११ ला ई-पुस्तक केलं, सिनेमा २०१५ चा. पिक्चर पाहून मग वाचली आणि परत पिक्चर पाहिला तर तो उतावळा वाटायला लागला. पुस्तकात मातीवरच केवढं आहे! पृथ्वीवरून नेलेली थोडी जिवंत माती तो मंगळाच्या मातीत मिसळतो, जिवाणू पसरू देतो, मग त्यात अजून. थेट विरजणच. आई वाटीभर दही शेजारी द्यायची ना, तसं. शेवटच्या प्रवासात त्याची रोव्हर गाडी उलटते तेही पिक्चरमध्ये नाही. आणि नासातल्या साहेबाचा, व्यंकट कपूरचा, पिक्चरमध्ये व्हिन्सेंट केला. त्या रोलसाठी आधी इरफान होता, ‘पिकू’मुळे जमलं नाही. मी प्रत्येक वेळी त्याच्याजागी इरफानच बघते.

काळा पत्थर
विरजण आवडलं. पण मंगळाच्या मातीत परक्लोरेट हा विषारी क्षार निघालाय, नासाच्या फिनिक्स यानाला २००८ मध्ये सापडला. म्हणजे आधी माती धुवा मग बटाटे. बाकी दगड ओळखीचा, बेसाल्ट, आपल्या विहिरीला लागतो तोच. सुरुंगाचा खर्च धरून मंगळावर विहीर कितीला पडेल? आमची सत्तर फुटांवर कोरडी आहे, कुणाला बोअरवाला चांगला माहीत असेल तर सांगा.

भुसावळ जंक्शन
ड्युटी संपली. मी पाहिला तेव्हा आपल्या मंगळयानाला कक्षेत जाऊन वर्ष झालं होतं, ते गेलं २४ सप्टेंबर २०१४ ला. पिक्चरमध्ये नासाला रॉकेट लागतं आणि चीनवाले देतात, तर मागून एक जण ओरडला "आपल्याला विचारा ना!" सगळं थिएटर हसलं. एवढंच आठवतं, नंतर झोप लागली, नाईट करून गेलेलो. @काळा पत्थर बोअरचं व्यक्तिगत निरोपात सांगतो. @रावेरचा घड, अण्णा कसे आहेत?

रावेरचा घड
बरे आहेत. सकाळपासून बागेत, पडलेल्यातले कोणते घड चिप्सवाल्याला चालतील ते बघतायत. काल म्हटलं अण्णा तो बटाटेवाला पिक्चर परत पाहिला, तर म्हणे "त्याचं बेणं वाचलं होतं का?" सगळंच गोठलं, नाही वाचलं, सांगितलं. म्हणे आपले कंद जमिनीत आहेत.

तलाठी आले वाटतं, कुत्रं भुंकतंय. नंतर येतो.