सिम्युलेटर हवाच, पण मैदानही हवं

"रिअलफ्लाइट (रिमोटवर उडवायच्या मॉडेल विमानांचं संगणकावरचं सिम्युलेटर) असताना मैदानावर जायची गरजच काय," असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. विमान आपल्याकडे तोंड करून येताना एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) उलटे वाटतात. ती गफलत मोडायला सिम्युलेटरच उत्तम: जो पंख खाली झुकलाय, त्याच बाजूला स्टिक द्यायची, हे हातात मुरेपर्यंत घोटा. मात्र स्वतःचा ट्रान्समीटर (हातातला रिमोट) जोडा, वारा ताशी 10-15 किमी ठेवा आणि ऑटो-झूम बंद करा. झूममुळे लांबचं विमान मोठं दिसतं; मैदानावर त्याचा ठिपका होतो आणि ते कुठे वळलंय तेच कळत नाही.

पडद्यावरचं तयार विमान शेपटीकडे जड नसतं. खऱ्या ट्रेनरचा (शिकाऊ विमानाचा) गुरुत्वमध्य, म्हणजे तोल साधणारा बिंदू, साधारणपणे पंखाच्या पुढच्या कडेपासून पुढून-मागे रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर हवा. वेल्क्रो सैल पडून बॅटरी मागे सरकली, की छोटं फोमचं विमान टेकऑफलाच नाक वर करतं, स्टॉल होतं (पंखांची उचल जाते) आणि आपटतं. उजवी स्टिक दिल्यावर उजवा एलेरॉन वर जातो ना, हे दर उड्डाणाआधी विमानाच्या मागे उभं राहून बघा. सर्व्हो (एलेरॉन हलवणारी छोटी मोटर) उलटा असेल तर हवेत सावरायला वेळच मिळत नाही. लायपोसाठी (विमानातल्या लिथियम-पॉलिमर बॅटरीसाठी) टायमर लावा; उतरल्यावर दर सेलला 3.7 व्होल्टच्या वर उरायला हवेत.